जाताना चार मैल अकरा साखळ्या

भुताखेतांवर, करणीवर, झपाटण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही आणि आजही ठेवत नाही. या मासिकात असले अनुभव लिहिणारे सगळेच अशी सुरुवात करतात हे मला माहीत आहे, आणि मग तिसऱ्या परिच्छेदात वडाखाली एखादी बाई उभी राहते. माझ्या हकिकतीतही बाई आहे, पण ती जिवंत आहे आणि तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो. झाड आहे, ते चिंचेचे, आणि त्याखाली बाजार भरतो. जे घडले ते भर दुपारी, तीन माणसांच्या डोळ्यांसमोर घडले. घाबरण्याजोगे त्यात काहीच नाही. असते तर बरे झाले असते... माणूस घाबरतो, त्याला ताप येतो, ताप उतरतो आणि तो मोकळा होतो. मी मात्र गेले वर्षभर नुसता वैतागलेलो आहे.

माझे वडील हिवरखेडला शिवणकाम करतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला सही करता येत नव्हती. मराठी शाळेसाठी मला धामणखेडला ठेवले होते. धामणखेड म्हणजे अकोल्याहून बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवरचे एक लहानसे बाजाराचे गाव. तिथे माझे नात्याचे कुणी नव्हते. गावातल्या सात घरांनी मला वार लावून दिले — सोमवारचे जेवण एका घरी, मंगळवारचे दुसऱ्या घरी, असे सात दिवस. तिथून मी अमरावतीला गेलो, तिथून मुंबईला, आणि बी.ए. झालो. त्या सात घरांना मी विसरलेलो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढच्या सगळ्या त्रासाला तेच कारण आहे.

सध्या मी अकोल्याला सडकांच्या ऑफिसात आहे. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला काय दिवस आलेत ते सांगायला नको. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आहेत. त्यात आगगाडीचा रस्ता आला. धामणखेडच्या दक्षिणेला माळावर स्टेशन होणार असे ठरले आणि तिथवर कापूस नेण्यासाठी एक पक्की सडक मंजूर झाली. एकच. ती धामणखेडच्या बाजाराला मिळेल किंवा शेजारच्या माळपेठेच्या बाजाराला. आमच्या ऑफिसच्या साहेबांचा नियम साधा होता : धामणखेड स्टेशनापासून चार मैलांच्या आत असेल तर सडक धामणखेडला, नसेल तर माळपेठेला. ज्याला सडक त्याचा बाजार राहणार, दुसऱ्याचा उठणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते.

मोजायला साहेबांनी मला निवडले. मी हात जोडून सांगितले की त्या गावाने मला जेवू घातले आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा.

साहेब म्हणाले, "साखळी किसी का खाना नहीं खाती."

गेलो.

धामणखेडला मी काशीमायकडे उतरलो. गुरुवार तिचा असे. गुरुवारीच बाजार, त्यामुळे तिच्या घरी मी कापसाच्या बोज्यावर बसून जेवत असे. आता ती विधवा आहे आणि तिच्या पडवीत वीस चरख्या चालतात. वीस बाया सकाळपासून सरकी आणि रुई वेगळी करत बसतात. मला पाहून ती चरखी न थांबवताच म्हणाली, "आला का नाम्या? लय वाळला. मुंबईत जेवाले देत नव्हते काय?"

"देत होते, माय."

"मंग दिसत काहून नाही?" मग चरखीत कापूस सारत, "सडक मोजाले आला म्हणे."

"हो."

"सडक इकडंच आली पाह्यजे बावा. ती माळपेठेले गेली त या वीस जणी काय माह्या तोंडाकडं पाहत बसतीन?"

"जे अंतर भरेल ते मी लिहीन, माय."

"लिही ना. म्या कुठी नाही म्हणलं?" आणि ती पुन्हा चरखी फिरवू लागली. त्या पडवीत मान वर करून माझ्याकडे पाहणाऱ्या वीस बाया मला अजून दिसतात.

पहिले दोन दिवस दौलत आणि किसन हे माझे दोन साखळीवाले अकोल्याहून यायचे होते. तोवर मी फिरून घेतले. मुंबईला आमच्या एका प्रोफेसरांनी मला रोज संध्याकाळी फिरायची सवय लावली होती. धामणखेडला फिरणे ही फार कठीण गोष्ट आहे. चिंचेपासून निघून नदीकडे जा, की ओट्यावरून कुणीतरी विचारणार, "कुठी चालले?" कुठेच नाही, फिरायला, असे म्हटले की, "काही हरपलं काय?" नाही म्हटले की तो माणूस उठून मागून येणार, बहुधा यांचे खरेच काही हरवले असावे पण लाजेने सांगत नसावेत म्हणून. नदीपर्यंतच्या फेरीत माझ्यामागे चार जण झाले आणि सगळे जमिनीकडे बघत चालले होते.

नदीकडे फिरायला छान आहे. वरच्या देवीच्या टेकाडावरून सातपुडा निळा दिसतो. पण मला स्टेशनाची वाट बघायची होती म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो. वाट अशी : चिंच, काशीमायची पडवी, मग एक कोरडा नाला, मग दोन्ही बाजूंना कपाशी, मग बांधावरचा मारुती, आणि मग उघडा माळ. माळावर आगगाडीवाल्यांनी ठोकलेली पांढरी खुंटी. चढ नाही, वळण नाही. जाताना मी दमलो, येताना चटकन आलो. परतीच्या वाटेचे तसेच असते म्हणून त्याचा विचारही केला नाही. माणसाला काय, काहीही वाटते. पण साखळीला काही वाटत नाही.

मोजणीची रीत सांगतो. पुढचा माणूस साखळीचे टोक धरून चालतो, साखळी ताणली गेली की जमिनीत लोखंडी सळई खोचतो. मागचा माणूस तिथवर येतो, सळई उपटून हातात घेतो, आणि पुन्हा पुढे. मागच्याच्या हातात जितक्या सळया येऊन गेल्या तितक्या साखळ्या. ऐंशी साखळ्यांचा एक मैल. चार मैलांच्या तीनशे वीस.

चिंचेपासून खुंटीपर्यंत तीनशे एकतीस भरल्या. म्हणजे चार मैल अकरा साखळ्या. सडक गेली. तरी लिहिले. नियमाप्रमाणे पडताळा म्हणून येताना पुन्हा मोजले.

तीनशे चौदा.

मी दौलतला बोललो, किसनला बोललो. दौलत वयाने मोठा, पंचवीस वर्षे साखळी ओढलेला माणूस. तो म्हणाला, "रावसाहेब, माही चूक एका साखळीची होईन. सतराची करायले दारू प्याव लागते, आन् मी माळकरी हाव."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. जाताना तीनशे एकतीस, येताना तीनशे चौदा. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या मापाशी साखळी ताडून पाहिली, बरोबर होती; उन्हाने लांबली असेल म्हणून पहाटे मोजले; दौलत पुढे होता त्याला मागे घेतले; शेवटी मागचे टोक स्वतः धरून संपूर्ण वाट वाकून चाललो. तीनशे एकतीस. तीनशे चौदा. एकदा चूक झाली तर माणूस समजू शकतो. पण रोज तीच चूक, तेवढीच, एका साखळीचाही फरक न होता? असल्या चुकीचा राग येतो.

जेवताना काशीमायला सांगितले. ती भाकरी थापत म्हणाली, "मंग? येतानी जवळच हाय थो रस्ता."

"जवळ म्हणजे जवळ वाटतो, असं ना?"

"वाटते कायचा? जवळ हाय. सारे जाणते."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू इचारलं कोनाले? तू त साखळी घेऊन आला."

पडवीत सरकी भरायला आलेला एक गाडीवान बसला होता, तो म्हणाला, "भरल्या गाडीले लांब पडते, रिकाम्या गाडीले जवळ पडते. उलटं असतं त बरं झालं असतं, पन आता काय कराव?"

"अहो, पण असं कसं असेल? वाट एकच आहे ना?"

"एकच हाय."

"मग?"

"मंग काय?" गाडीवानाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्याला दोन आणि दोन किती असे विचारले होते.

इथे मी हट्टाला पेटलो. कुठे काय बिघडते ते शोधायचे ठरवले. चिंच ते नाला, जाताना-येताना सारखे. मारुती ते खुंटी, सारखे. नाला ते मारुती एवढ्याच तुकड्यात जाताना अठ्ठ्याऐंशी, येताना एक्काहत्तर. काशीमायच्या जळणातून मी पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, अठ्ठ्याऐंशी काड्या घेतल्या, प्रत्येकीला आकडा लिहिलेली चिठ्ठी सुताने बांधली, आणि नाल्यापासून मारुतीपर्यंत दर साखळीला एकेक काडी रोवत गेलो. एक ते अठ्ठ्याऐंशी. मग मारुतीपासून परत फिरलो. काड्या उपटायच्या नाहीत, नुसत्या वाचायच्या. वेळ बारा वाजताची.

अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी. शहाऐंशी. ... पंचावन्न. चोपन्न. त्रेपन्न.

पुढची काडी पस्तीस होती.

मी चिठ्ठी उलटी धरली का ते पाहिले. पस्तीसच, माझ्याच हातचे. त्रेपन्न आणि पस्तीस यांच्यामध्ये साखळी ताणून पाहिली, बरोबर एक. आजूबाजूला तीच कपाशी, तेच ऊन. मी पस्तीसपासून पुन्हा मारुतीकडे तोंड करून चाललो. छत्तीस, सदतीस, अडतीस... एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न. सगळ्या जागच्या जागी, एकेका साखळीवर. तोंड फिरवले. त्रेपन्ननंतर पस्तीस.

हे मी पाच वेळा केले. पाचव्या वेळेला मी त्या पस्तीसच्या काडीला काय बोललो ते बी.ए. झालेल्या माणसाने लिहिण्यासारखे नाही.

मग किसनला चव्वेचाळीसच्या काडीशी उभे केले आणि सांगितले, हलायचे नाही. आम्ही दोघे त्रेपन्नपर्यंत गेलो. तिथून गावाकडे पाहिले तर किसन दिसेना. पस्तीसची काडी समोर दिसत होती. एक साखळी चालून आम्ही तिच्यापाशी आलो, आणि मागे वळून पाहिले. किसन लांब उभा, तंबाखू मळत होता. आम्हाला पाहून तो घाईघाईने आला.

"रावसाहेब, मी पाहूनच राहिलो होतो. तुमी तिकून येऊन राहिले होते माह्याकडं. मंग एकदम माह्या पाठीमागं. मधात कुठी होते तुमी?"

"तुझ्याजवळून गेलो नाही?"

"मले धक्काबी नाही लागला."

दौलत खाली बसला आणि पाणी मागून प्याला. मग म्हणाला, "रावसाहेब, आता रिपोर्टात काय लिवता?"

हाच तर प्रश्न होता. भीती वाटायला सवड कुणाला होती? मला एका वाटेचे एक अंतर लिहायचे होते, आणि त्या वाटेला अंतरे दोन होती. एक चार मैलांच्या आत, एक बाहेर. एकाने वीस चरख्या चालू राहणार, एकाने बंद पडणार. त्या दिवशी काशीमायने पहिले आणि शेवटचे मागणे मागितले. ताटात भाकरी वाढून समोर बसली.

"येतानीचं लिही नाम्या. खोटं थोडीच हाय?"

"जातानाचंही खोटं नाही, माय."

"मंग जे कामाचं हाय ते लिही."

ती म्हणत होती ते चुकीचे आहे असे मला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पण ज्या अमरावतीच्या मास्तरांनी मला भूमिती शिकवली, त्यांचा चेहरा आठवला आणि हात चालेना. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, काड्यांची हकिकत लिहिली, खाली सही केली. काशीमायला तसे सांगितलेही. दुसऱ्या दिवशी निघताना तिने शिदोरी दिली नाही. इतक्या वर्षांत प्रथमच.

साहेबांनी रिपोर्ट वाचून आधी मी आजारी आहे का असे विचारले. मग चिडले. मग स्वतःच घोड्यावरून निघाले, बरोबर मोजणीचे चाक घेतलेला माणूस आणि मी. ते कुठून आले? स्टेशनाच्या बाजूने! खुंटीपासून चिंचेपर्यंत चाक फिरले आणि भरले तीन मैल चौऱ्याहत्तर साखळ्या. मी अक्षरशः विनवणी केली, साहेब, एकदा, एकदाच, इकडून तिकडे मोजा.

"रास्ता एक ही है," साहेब म्हणाले, आणि धामणखेडहून माळपेठेच्या वाटेने परभारे अकोल्याला गेले. ते नेहमी तसेच जातात. तिकडे त्यांच्या ओळखीच्यांचा बंगला आहे.

सडक धामणखेडला मंजूर झाली. काशीमायने गावभर गूळ वाटला, मला आलिंगन दिले आणि म्हणाली, "साहेबाले जमलं ते तुले नाही जमलं." माझ्या नावापुढे ऑफिसात शेरा बसला — मोजणीत कच्चा. गणितात मी वर्गात दुसरा आलो होतो. हा शेरा मी वडिलांना अजून कळवलेला नाही. ते माझे पत्र गिऱ्हाइकांकडून वाचून घेतात.

इथे संपले असते तरी मी सहन केले असते.

ठेकेदाराची खडी स्टेशनाच्या बाजूने येत होती, म्हणून त्याने सडक तिकडून बांधत आणली. हिशेबाइतकी खडी, तीन मैल चौऱ्याहत्तर साखळ्यांची. माळावरून मारुती, मारुतीवरून नाला, नाल्यावरून चिंच. कुठे एक वीत कमी नाही. चिंचेखाली नारळ फुटला. पहिल्या गुरुवारी गावातून कापसाच्या भरल्या गाड्या निघाल्या. नाला ओलांडला, थोडे पुढे गेल्या, आणि खडी संपली. पुढे जशीच्या तशी काळी माती. कपाशीमधली जुनी वाट. मोजायची गरज नव्हती, तरी मी जाऊन मोजली. सतरा साखळ्या. त्यानंतर पुन्हा पक्की सडक, सरळ स्टेशनापर्यंत.

रिकाम्या गाड्या परत आल्या, त्यांना खडीवरून खडीवरच चाक. मध्ये कुठे माती लागलीच नाही.

पाऊस पडल्यावर जे व्हायचे ते झाले. आमची काळी जमीन चाक सोडत नाही. भरल्या गाड्या आसापर्यंत रुतल्या, बैल बसले, कापूस भिजला. धामणखेडला सडक असून माल स्टेशनावर पोचेना आणि लोक माळपेठेची भाषा बोलू लागले. काशीमायच्या पडवीत वीसपैकी आठ चरख्या थांबल्या. मी सतरा साखळ्यांपुरती खडी मागणारा अर्ज केला. साहेब पाहायला आले. स्टेशनाकडून आले, अर्थात! घोडा खडीवरून टापा वाजवत चिंचेपर्यंत आला. "सडक पूरी है," म्हणाले आणि माळपेठेच्या वाटेने गेले. ठेकेदार मारुतीची शपथ घेऊन सांगतो की त्याने कुठेच जागा सोडली नाही. तो खोटे बोलत नाही. हाच तर वैताग आहे, या सगळ्या प्रकरणात कुणीच खोटे बोलत नाही.

आता ऑफिसने मला लेखी विचारले आहे : पूर्ण झालेल्या सडकेसाठी जास्तीची खडी का मागितली, याचा महिनाअखेर खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.

चार वेळा लिहिला, चार वेळा फाडला. महिन्याच्या सुरुवातीला धामणखेडला गेलो आणि काशीमायला हा कागद वाचून दाखवला. तिने चरखी थांबवली.

"गोट्यापायी नोकरी जाते काय तुही? ऱ्हाऊ दे तो अर्ज. मांगं घे. आमी टाकू गोटे."

तिने गाडीवानांना बोलावले. ठरले असे की स्टेशनाकडे जाणाऱ्या प्रत्येक भरल्या गाडीने कापसावर दोन दगड ठेवायचे आणि त्या मातीत टाकायचे. मला ते पटेना. ओझ्याच्या गाडीवर आणखी ओझे कशाला? मी म्हटले, "येताना गाड्या रिकाम्या असतात. येताना का नाही टाकत?"

पडवीतल्या साऱ्या बाया हसल्या, गाडीवान हसले, माझ्याबरोबर आलेला दौलतसुद्धा मोकळेपणी हसला.

"काय बाप्पा हे बीए!" काशीमाय डोळे पुसत म्हणाली. "येतानी टाकशीन कुठी?"

आणि खरेच, मी स्वतः पाच वेळा चालून पाहिलेले, काड्या रोवून वाचलेले, आणि तरी मला हे सुचले नव्हते.

आजवर सहा साखळ्या भरल्या आहेत, अकरा राहिल्या. अर्ज मी मागे घेतला, पण खुलासा मात्र मागे घेता येत नाही म्हणतात, तो द्यावाच लागतो. महिना संपायला पाच दिवस आहेत. समोर कोरा कागद आहे. त्या कपाशीत त्रेपन्न आणि पस्तीसच्या मध्ये काय आहे, मला माहीत नाही. काय असू शकेल तेही माहीत नाही, आणि जे सांगतात ते सगळे मी मोजून पाहिले आहे. गुरुवारी मीही भरल्या गाडीबरोबर चालत जाणार आहे. शिदोरी काशीमाय देणार आहे, आणि दोन दगड मी निवडून ठेवले आहेत.